वाढत्या अंगाचं हेल्मेट

भाचीने स्कूटर घेतली तेव्हा हेल्मेट आणायला मी तिच्याबरोबर गेलो. दुकानदाराने काढून दिलेलं हेल्मेट तिच्या गालांना दाबत होतं, म्हणून तिने एक माप मोठं मागितलं. "मामा, हे बघ कसं मोकळं बसतंय!" शाळेचे बूट आणि गणवेश वाढत्या अंगाचे घ्यायची सवय आपल्या घराघरांत आहे. पण विशीतल्या मुलीचं डोकं आता वाढणार नाही. मी तिला आधीचंच घ्यायला लावलं.

हेल्मेटचं बाहेरचं कवच कडक असतं, पण डोक्याला बसणारा मार झेलतो तो आतला थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना नुसतं तेवढ्या उंचीवरून पडलं तरी ते ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगाने रस्त्यावर आदळतं. समजा, उघडं डोकं २ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याला बसणारा सरासरी हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट असतो. थर्माकोल चिरडत चिरडत त्याला २० मिलिमीटरमध्ये थांबवू शकला, तर ७५ पट. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचं, एवढंच गणित. सगळी किमया त्या जास्तीच्या १८ मिलिमीटरची आहे.

चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं. ते आरशावर अडकवून ठेवायची सवयही वाईट, कारण आरशाच्या टोकाने आतला थर हळूहळू दबत जातो.

सैल हेल्मेटमध्ये हेच अंतर वाया जातं. डोकं आतल्या आत आधी हलतं, थर कामाला उशिरा लागतो, आणि पहिल्याच धक्क्यात हेल्मेट निसटलं तर दुसऱ्या धक्क्याला डोकं उघडं. म्हणून भुवयांच्या बोटभर वरून, कानांवरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून घेर मोजा. ५८ सेंटीमीटर आला तर ५८चंच हेल्मेट. ते घालून डावी-उजवीकडे हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. गाल थोडे दाबले जाणारच, वापराने गाद्या बसतात. पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. मग मागची कड धरून हेल्मेट पुढे उलटायचा प्रयत्न करा. निघालं, तर ते तुमचं नाही. भाचीचं पहिल्यांदा निघालं, कारण केस उंच बांधले होते. ते मानेशी बांधल्यावर घट्ट बसलं. आयएसआय चिन्ह तर बघायचंच, १ जून २०२१ पासून त्याशिवाय विक्रीला मनाई आहे.

आता काच. तिला काच म्हणतात, पण असतं ते पॉलिकार्बोनेट. जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर ती आतून धुरकटते तेव्हा लोक चालत्या गाडीवर ती वर करतात आणि पावसाचे थेंब थेट डोळ्यांत घेतात. मला याची खरोखर भीती वाटते. आपला उच्छ्वास उबदार आणि बाष्पाने भरलेला असतो. पावसाने गार झालेल्या काचेवर त्याचे बारीक थेंब जमतात आणि समोरून येणारा प्रकाश विखुरतात. कोरड्या गावात बाहेरची हवा हे बाष्प उचलून नेते. मुंबईची पावसाळी हवा आधीच भिजलेली असते, ती फार मदत करत नाही. तरीही हनुवटीजवळची झडप उघडी ठेवावी. धुकं न धरणारा लेप असेल तर पाणी थेंब न होता सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. काच साबणाच्या पाण्याने, ओल्या मऊ कापडानेच पुसावी. कोरड्या फडक्याखाली धूळ घासली जाते आणि पडलेले ओरखडे रात्री प्रत्येक हेडलाइटचा झगमगाट करतात. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

२०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. भाचीच्या मागे बसताना ताई भाऊजींचं जुनं हेल्मेट घालते, तेही पट्टा न लावता. येत्या रविवारी मी टेप घेऊन तिच्याकडे जाणार आहे.