सुतारकामाचे मेज, घरगुती

लाकूड घट्ट धरून त्यावर रंधा, करवत व पटाशी चालवता यावी म्हणून बनवलेले जड मेज. भारतातील पारंपरिक सुतार जमिनीवर बसून लाकूड पायाने दाबून धरतो, त्यामुळे त्याचे अशा मेजावाचून अडत नाही; उभ्याने काम करणाऱ्या हौशी कारागिराला मात्र ते लागतेच. आज जगभरचे हौशी कारागीर ज्या नमुन्यांवरून मेज बनवतात, त्यांतील एक प्रसिद्ध नमुना आंद्रे-जाकोब रूबो या फ्रेंच सुताराने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील आहे. जाड फळा आणि फळ्याच्या पुढच्या कडेशी सपाटीत येणारे पाय ही त्याची ओळख. पाय व कड एका पातळीत असल्याने लांब फळी उभी धरून तिची कड रंधता येते.

मेजाची मजबुती फळ्याच्या जाडीवर ठरते, असा समज असतो. पण वजन पेलणे ही मेजाची खरी परीक्षा नव्हे. रंधा मारताना जोर आडवा, मेजाच्या लांबीच्या दिशेने आणि अगदी वरच्या पातळीवर लागतो, त्यामुळे प्रत्येक झटक्याला पाय व आडव्या पट्ट्या यांच्यातील काटकोन मोडू पाहतो. नुसत्या स्क्रूंनी जोडलेले पाय काही महिन्यांत डुलू लागतात ते यामुळेच. म्हणून खर्चात हात आखडायचाच असेल, तर तो शेगड्यावर (लाकूड आवळून धरणाऱ्या पकडीवर) आखडावा, पायांच्या सांध्यांवर नव्हे. आडव्या पट्ट्या रुंद, साधारण १० ते १५ सेंमी. घ्याव्यात, कारण सांध्याची उंची वाढली की डुलणे कमी होते. पट्टीच्या टोकाला काढलेली कूस (खाचेत शिरणारे अरुंद टोक) पायातील खाचेत बसवताना कुशीतले भोक पायातल्या भोकापेक्षा सुमारे दीड मिमी. खांद्याकडे, म्हणजे कूस जिथून सुरू होते त्या बाजूला, सरकवून पाडतात; त्यातून टोकदार लाकडी खुंटी ठोकली की ती कूस आत ओढून घेते आणि क्लँप किंवा सरस नसतानाही सांधा आवळलेला राहतो. मेज पुढे हलवावे लागणार असेल, तर लांबीच्या पट्ट्या नटबोल्टने जोडणे सोयीचे. बोल्ट पावसाळ्यानंतर पुन्हा आवळता येतात.

उंची साधारण ८० ते ९० सेंमी. ठेवतात. हात सरळ खाली सोडून तळवा जमिनीला समांतर धरल्यावर तो जिथे येतो, ती उंची हातरंध्यासाठी सोयीची पडते; बारीक खोदकामासाठी ती कमी वाटते. रुंदी ५० ते ६० सेंमी. पुरे, आणि लांबी खोलीत मावेल तितकी.

लाकडाच्या बाबतीत युरोपात बीच, अमेरिकेत मेपल वा पाइन अशी चाल आहे. सागवान टिकाऊ खरे, पण मेजाला ते चैनीचे ठरते; बाभूळ जड व चिवट, मात्र सरळ लांब ओंडके मिळणे कठीण. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन सरसाने कडेला कड जोडून ७५ मिमी. जाडीचा उत्तम फळा होतो; फक्त आधी त्यातील खिळे शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते दगावते. दमट हवेत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, फळा रुंदीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून तो चौकटीला पुढच्या कडेशी पक्का करून मागच्या बाजूचे बोल्ट लांबट भोकांतून घेतात. चारी बाजूंनी जखडलेला फळा एक तर तडकतो, नाहीतर पिळवटतो.

काम धरून ठेवण्यासाठी पुढच्या कडेला शेगडा आणि फळ्यात सुमारे १९ मिमी. व्यासाची आरपार भोके असली की बरेच भागते. त्या भोकांत होल्डफास्ट नावाचा लोखंडी आकडा हातोडीच्या एका ठोक्याने अडकतो व मागून मारलेल्या ठोक्याने सुटतो. पातळ प्लायवुडमध्ये मात्र तो पकड घेत नाही.

फळ्यावर गुळगुळीत पॉलिश करणे टाळावे, कारण त्यावर काम घसरते. जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरेसा होतो. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्या लागतात.