संपर्क पान आणि संपर्क फॉर्म: ॲडसेन्सला अर्ज करण्याआधी दोन्हींतला फरक

साइटवर जाहिराती दाखवून कमाई देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्स सेवेला अर्ज करायची वेळ आली की बरेच जण फॉर्मचं एखादं प्लगइन (साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर) बसवतात, त्याचा शॉर्टकोड (फॉर्म दाखवणारा छोटा कोड) कोऱ्या पानावर चिकटवतात, पानाला 'संपर्क' असं नाव देतात आणि काम संपलं असं धरून चालतात. प्रत्यक्षात ते अर्धंच झालेलं असतं. फॉर्म हे निरोप पोचवायचं साधन आहे. ही साइट कोण चालवतं, कुठून चालवतं आणि त्यांना कसं गाठायचं, हे सांगतं ते संपर्क पान. फॉर्म नसला तरी पान पूर्ण असू शकतं. पण पानावर नुसता फॉर्मच असेल, तर पलीकडे कोण आहे हे वाचकाला कळत नाही.

गूगलच्या धोरणांत सक्तीचं आहे ते गोपनीयता धोरणाचं पान. गूगलसह त्रयस्थ कंपन्या कुकीज (ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) वापरतात, वाचकाच्या आधीच्या भेटींवरून जाहिराती दाखवतात आणि वाचकाला हे बंद कसं करता येतं, एवढं त्यात असावंच लागतं. संपर्क पानाची अशी लेखी सक्ती नाही. त्यामुळे 'कमी मूल्याचा मजकूर' या कारणाने परत आलेला अर्ज संपर्क पान जोडून मार्गी लागत नाही, त्यासाठी लेखच सुधारावे लागतात. तरीही हे पान अर्जाआधीच करावं असं आमचं ठाम मत आहे. शोध-निकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठी गूगलने ज्या सूचना लिहिल्या आहेत, त्यांत साइटला जबाबदार कोण आणि संपर्काची माहिती दिली आहे का, हे पाहायला सांगितलं आहे. ते तपासनीस ॲडसेन्सची मंजुरी देत नाहीत. पण विश्वासार्ह साइट कशी दिसते, याबद्दल गूगलची अपेक्षा त्यातून कळते.

पानावर काय लिहायचं? समजा, साइट कोकणातल्या फळबागांविषयी आहे. मग मजकूर साधारण असा: 'या साइटवर हापूस, काजू आणि कोकम यांच्या लागवडीची माहिती दिली जाते. संपादन रत्नागिरीतून होतं. एखाद्या लेखात चूक आढळली, तर त्याची लिंक जोडून आम्हाला ईमेल करा. कामाच्या 2 दिवसांत उत्तर मिळेल. जाहिरातीविषयीचे प्रश्नही याच पत्त्यावर पाठवा.' त्याखाली चालवणाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव आणि ईमेल पत्ता. पत्ता स्वतःच्या डोमेनचा असला तर उत्तम, कारण साइट आणि पत्ता एकाच मालकाचे आहेत हे लगेच दिसतं. 2 दिवस पाळणं जमणार नसेल तर 5 लिहा, पण मुदत लिहा. घरचा पूर्ण पत्ता आणि खासगी मोबाइल नंबर टाकायची गरज नाही, गाव किंवा शहर पुरेसं आहे.

पत्त्यावरून आणखी एक गोंधळ नेहमी होतो. पत्ता पडताळण्यासाठी ॲडसेन्स पिनचं पत्र पाठवतं ते संपर्क पानावरच्या पत्त्यावर नव्हे, तर तुमच्या पेमेंट प्रोफाइलमधल्या पत्त्यावर. कमाई 10 डॉलरला पोचली की 6 अंकी पिन असलेलं पत्र टपालाने निघतं. पहिला पिन तयार झाल्यापासून 4 महिन्यांत तो ॲडसेन्स खात्यात टाकला नाही, तर साइटवरच्या जाहिराती थांबतात. म्हणून तिथे घर क्रमांक, टपाल कार्यालय, तालुका आणि पिनकोड असा पोस्टमनला सापडेल असा पूर्ण पत्ता हवा.

आता फॉर्म. तो बिघडतो तो गुपचूप, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचं कॉन्टॅक्ट फॉर्म 7 हे प्लगइन घ्या. वाचक निरोप पाठवतो, हिरवी चौकट येते, 'धन्यवाद' दिसतं आणि तुमच्या इनबॉक्समध्ये काहीच येत नाही. हिरव्या चौकटीचा अर्थ एवढाच की सर्व्हरने मेल पुढे पाठवायला घेतला. तो पोचला की नाही, हे प्लगइनला ठाऊक नसतं. बहुतेक वेळा चूक 'फ्रॉम'च्या रकान्यात सापडते. तिथे वाचकाचा पत्ता टाकलेला असतो. मग तुमचा होस्टिंग सर्व्हर दुसऱ्याच्या जीमेल पत्त्यावरून मेल पाठवू लागतो. त्याला तशी परवानगी नसल्यामुळे घेणारी कंपनी तो मेल स्पॅममध्ये टाकते किंवा नाकारते. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि वाचकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये द्या, म्हणजे उत्तराचं बटण दाबल्यावर मेल थेट वाचकाला जाईल. त्यासोबत एसएमटीपीचं (मेल पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीचं) प्लगइन बसवून मेल खऱ्या खात्यातून पाठवा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या यादीत) एसपीएफ व डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरोखर तुमच्याच डोमेनकडून आला हे पटवणाऱ्या, नोंदी करा.

कॉन्टॅक्ट फॉर्म 7 आलेले निरोप स्वतःकडे साठवत नाही, त्यामुळे मेल हरवला की निरोपही गेला. फ्लेमिंगो नावाचं जोड-प्लगइन घातलं तर प्रत वर्डप्रेसच्या ॲडमिन भागात राहते. बटण दाबल्यावर चक्र नुसतं फिरत राहिलं, तर सुरक्षेच्या एखाद्या प्लगइनने रेस्ट एपीआय (पान आणि सर्व्हर यांच्यात माहिती नेणारी वर्डप्रेसची वाट) बंद केला आहे का ते आधी पाहा. फॉर्म त्याच वाटेने चालतो.

चाचणी लॉगआउट होऊन, मोबाइल डेटावरून आणि दुसऱ्या कंपनीच्या ईमेल पत्त्याने करा. स्पॅमचा फोल्डर बघा. मेल आला की जीमेलमध्ये मूळ मेसेज दाखवणारा पर्याय उघडा. एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्हींसमोर 'पास' दिसलं पाहिजे. होस्टिंग बदललं की हीच चाचणी पुन्हा करा.

पान आणि फॉर्म यांच्या कायदेशीर बाजूही वेगळ्या आहेत. पानावर तुम्ही स्वतःची माहिती देता, फॉर्ममध्ये मात्र दुसऱ्याची घेता. नाव, ईमेल आणि निरोप एवढे 3 रकाने पुरतात. फोन, गाव, जन्मतारीख असं जेवढं जास्त मागाल, तेवढं सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि भरणारेही कमी होतात. फॉर्ममधली माहिती कशासाठी घेता आणि किती दिवस ठेवता, हे गोपनीयता धोरणात लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये अशा माहितीबद्दलच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या व्यक्तीचा संपर्कही प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे, आणि त्याची योग्य जागा संपर्क पानच आहे.

गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर फॉर्मचं गॅझेट (पानावर बसवायचा तयार भाग) बाजूच्या पट्टीत बसतं आणि मोबाइलवर बहुतेक थीममध्ये ते खूप खाली ढकललं जातं किंवा दिसतच नाही. तिथे 'पेजेस'मधून स्वतंत्र पान करून त्यावर ईमेल पत्ता लिहिणं जास्त भरवशाचं. वर्डप्रेसवर गोपनीयता धोरणाचं तयार पान ड्राफ्ट म्हणून पडून असतं. ते स्वतःच्या साइटनुसार दुरुस्त करून प्रसिद्ध करा, नाहीतर फूटरमधली लिंक बाहेरच्या माणसाला 404 (पान सापडलं नाही) दाखवते. दोन्ही पानांच्या लिंक फूटरमध्ये द्या आणि इन्कॉग्निटो खिडकीत एकदा उघडून पाहा.

मंजुरी मिळाल्यावर ऑटो ॲड्सच्या (गूगल स्वतः जागा निवडून जाहिराती लावतं त्या सोयीच्या) सेटिंगमध्ये जाऊन पान वगळण्याच्या यादीत संपर्क पान आणि फॉर्मनंतरचं 'धन्यवाद' पान टाका. जिथे वाचण्यासारखा मजकूर नाही, तिथे जाहिराती लावलेल्या गूगलला चालत नाहीत.