शांतिसैनिक कोणाच्या बाजूचा? वस्तीपातळीवरील शांतताकार्याची पार्श्वभूमी

वस्तीतील तणाव निवळावा म्हणून सामान्य नागरिकांनी विनामोबदला पुढे येण्याच्या प्रथेचा संघटित आरंभ बहुधा १९२० पासून धरला जातो. त्या वर्षी फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात, पहिल्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतील मोजके स्वयंसेवक एका स्विस शांततावाद्याच्या पुढाकाराने घरे उभारू लागले. जर्मन माणसे तेथे राबत आहेत हे अनेकांना सहन झाले नाही आणि काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले. त्याच चळवळीतील काही युरोपीय पुढे १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधील गावांच्या पुनर्वसनासाठी आले. हे सारे बाहेरून येऊन केलेले श्रमदान होते; शेजाऱ्याशेजाऱ्यांतील वैर कसे हाताळावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.

तो प्रश्न १९३८ च्या जूनमध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’ या इंग्रजी साप्ताहिकातील छोट्या टिपणात नेमकेपणाने मांडला. शांतिदलात, म्हणजे दंगली शमवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात, येणाऱ्याला सर्व धर्मांविषयी सारखा आदर असावा, हे कलम सर्वांच्या लक्षात राहिले. पण त्याच टिपणातील दुसरी अपेक्षा अधिक व्यवहारी होती. स्वयंसेवकाने आपल्याच परिसरात सेवा करून लोकांशी आधीपासून संबंध जोडलेले असावेत, म्हणजे दंगलीच्या वेळी तो परका ठरणार नाही, असे त्यात सुचवले होते. १९५७ मध्ये विनोबा भावे यांच्या केरळमधील पदयात्रेत असे दल ‘शांतिसेना’ या नावाने प्रत्यक्ष स्थापन झाले, तेव्हाही दर पाच हजार लोकसंख्येमागे एक शांतिसैनिक असावा आणि एरवी त्याने सेवासैनिक म्हणून वावरावे, अशीच कल्पना होती. ते प्रमाण कधीच गाठले गेले नाही. संख्या सर्वाधिक असतानाही ती काही हजारांपलीकडे गेली नाही. परिणामी अहमदाबादेत १९६९ मध्ये दंगल उसळली, तेव्हा अनेक शांतिसैनिकांना इतर भागांतून तेथे जावे लागले. त्यांनी तेथे चिकाटीने काम केले हे खरे, परंतु ‘आधीपासून ओळख’ ही मूळ अट मागे पडत चालली होती, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

सर्वांत मोठा वाद मात्र १९७४ मध्ये झाला आणि त्याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. बिहारमधील विद्यार्थी आंदोलनाचे नेतृत्व शांतिसेनेच्याच सर्वोच्च नेत्याने, जयप्रकाश नारायण यांनी, स्वीकारले. ८ एप्रिलला पाटण्यात निघालेल्या मूक मोर्चातील माणसे तोंडावर पट्टी बांधून आणि हात पाठीमागे घेऊन चालली होती. शिस्तीच्या दृष्टीने तो मोर्चा म्हणजे शांतिसेनेच्या शिकवणुकीचा नमुनाच होता. तरीही प्रश्न उरलाच: निवडून आलेल्या सरकारने पायउतार व्हावे अशी मागणी करणारा कार्यकर्ता उद्या त्याच शहरात दोन गटांमध्ये उभा राहिला, तर त्याला मध्यस्थ कोण मानणार? एका बाजूचे म्हणणे होते की पक्षमुक्त राहण्याचे व्रत मोडले, की शांतिसैनिकाकडे काहीच उरत नाही. दुसरी बाजू म्हणत होती की अन्याय डोळ्यांदेखत चालू असताना तटस्थ राहणे हेही सत्ताधाऱ्यांची बाजू घेण्यासारखेच आहे. जुलैमध्ये वर्ध्याच्या बैठकीत सत्य, अहिंसा आणि संयम पाळून ज्याला आंदोलनात जायचे त्याने जावे, अशी तडजोड निघाली. पण शांतिसेनेच्या मातृसंस्थेत, सर्व सेवा संघात, निर्णय सर्वसंमतीने घेण्याचा दंडक होता आणि आंदोलनाच्या बाजूने स्पष्ट बहुमत असूनही त्याला अर्थ नव्हता. मार्च १९७५ मध्ये विनोबांच्या पवनार आश्रमातील बैठकीत ही तडजोड तुटली. तीन महिन्यांत आणीबाणी आली, आंदोलनातील अनेक जण तुरुंगात गेले आणि शांतिसेना व्यवहारतः संपली. पाच हजारांमागे एक माणूस खरोखरच उभा राहिला असता, तर विनोबा आणि जयप्रकाश या दोन वडीलधाऱ्यांमधील मतभेदाने सगळी रचना कोसळली नसती, असे म्हणण्यास जागा आहे.

नंतरच्या प्रयोगांनी निष्पक्ष माणूस शोधण्याचा नादच सोडला. केनियाच्या वजीर भागात १९९० च्या दशकाच्या आरंभी कुळांमधील रक्तपात बाजारापर्यंत पोहोचला होता. तेथे वेगवेगळ्या कुळांतील बायकांनी एकत्र येऊन, कोणत्याही कुळातील बाईला बाजारात खरेदी-विक्री करता येते की नाही यावर स्वतः देखरेख ठेवली आणि मग वडीलधाऱ्यांना बोलणी करायला भाग पाडले. दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर १९९१ च्या राष्ट्रीय शांतता करारानुसार स्थानिक शांतता समित्या नेमल्या गेल्या. त्यांत परस्परविरोधी पक्षांचे लोक, पोलीस आणि व्यापारी एकाच टेबलाभोवती बसत. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये त्याच दशकाच्या उत्तरार्धात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या विभागणाऱ्या भिंतीच्या दोन्ही अंगांच्या स्वयंसेवकांना मोबाइल फोन देण्यात आले. मिरवणुकांच्या मोसमात पोरांनी दगडफेक केली किंवा अफवा उठली, की पलीकडच्या माणसाला थेट फोन करून खरे-खोटे विचारले जाई. हे लोक उघडपणे आपापल्या बाजूचे होते आणि त्यांचा उपयोग नेमका त्यामुळेच होता.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २२५० द्वारे शांतताकार्यात तरुणांच्या सहभागाला प्रथमच स्वतंत्र मान्यता दिली. मात्र सरकारी मान्यतेचा अनुभव संमिश्र आहे. दक्षिण आफ्रिकेतील समित्यांची रचना १९९४ च्या निवडणुकीनंतर वर्षअखेरीपर्यंत गुंडाळण्यात आली. केनियातील अशाच स्थानिक शांतता समित्या शासकीय चौकटीत सामावल्या गेल्या, तेव्हा त्यांना स्थैर्य आले, पण सभासद कोणी नेमायचे आणि बैठकीचा भत्ता कोणाला मिळायचा, यावरून तेथे नवे तंटे सुरू झाले.