अमेरिकेतील शॉटगनची १८ इंची मर्यादा: पार्श्वभूमी

अमेरिकेत शॉटगनच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या लांब बंदुकीच्या, नळीला कायद्याने किमान लांबीची मर्यादा आली ती पिस्तुलांमुळे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टच्या मूळ मसुद्यात मशीनगनच्या जोडीला पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. त्यांना कर आणि नोंदणी लागू झाली की लोक लांब बंदुकीची नळी कापून ती कोटाखाली लपवतील, म्हणून १८ इंचांपेक्षा आखूड नळीही कायद्याच्या कक्षेत आणली गेली. पुढे विरोधामुळे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, नळीची अट मात्र तशीच राहिली. तेव्हापासून साधे पिस्तूल या कायद्याबाहेर आहे आणि १७ इंची नळीच्या शॉटगनला नोंदणी व २०० डॉलर कर लागू झाला. ती रक्कम त्या काळी बंदुकीच्या किमतीच्या कितीतरी पट होती; व्यवहारच थांबावा हाच उद्देश होता. २६ इंच एकूण लांबीची अट नंतरची. १९६० मध्ये रायफलची मर्यादा १६ इंचांवर आली, शॉटगनची १८ वरच राहिली.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या प्रश्नावर या कायद्याचा भार मुख्यतः १९३९ च्या एका निकालावर आहे. ओक्लाहोमातील क्लेअरमोरहून आर्कान्सातील सायलोम स्प्रिंग्जला दोघांनी नोंदणी नसलेली, आखूड केलेली १२ बोअरची दुनळी नेली. खालच्या न्यायालयाने शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काचा आधार घेत आरोप रद्द केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे आरोपींच्या वतीने कोणी उभेच राहिले नाही, लेखी म्हणणेही मांडले गेले नाही. निकाल येण्याआधी दोघांपैकी एकाचा खूनही झाला होता. अशी बंदूक नागरी सैन्यदलाच्या (घटनेतील त्या हक्काच्या कलमात उल्लेख असलेल्या नागरिकांच्या सेनेच्या) उपयोगाची असल्याचा पुरावा समोर नाही, एवढ्यावर न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. पुरावा समोर नव्हता, कारण तो मांडणाराच नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांत शॉटगन वापरल्या होत्या आणि १९१८ मध्ये जर्मनीने त्यावर अधिकृत निषेध नोंदवला होता, हे मुद्दे तिथे यायला हवे होते. त्या बंदुकांची नळी साधारण २० इंचांची, म्हणजे मर्यादेत बसणारी होती, हेही खरे. पण दोन्ही बाजू ऐकून दिलेला निकाल वेगळ्या वजनाचा ठरला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हँडगन (पिस्तूल) खटल्यात याच निकालाच्या आधारे आखूड शॉटगन हे कायदा पाळणाऱ्यांचे नेहमीचे शस्त्र नाही, असे मानले गेले.

१९६८ मध्ये नोंदणीची जुनी पद्धत सर्वोच्च न्यायालयात स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणारी ठरली, कारण नोंदणी करणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखेच होते; आणि त्याच वर्षी कायदा नव्याने लिहिला गेला.

आजचा गुंता व्याख्येचा आहे. केंद्रीय कायद्यानुसार खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेली असेल तरच ती शॉटगन. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या मॉसबर्ग शॉकवेव्हची नळी १४ इंच आणि एकूण लांबी २६ इंचांहून थोडी जास्त. पण खांद्याचा दस्ता कारखान्यातूनच नाही. त्यामुळे ती केंद्रीय व्याख्येत शॉटगन ठरत नाही आणि या कायद्याखालची नोंदणीही लागत नाही. मालकाने आधी नोंदणी न करता हौसेने दस्ता बसवला की तीच बंदूक गुन्ह्याची वस्तू होते. टेक्सासने त्याच वर्षी आपल्या कायद्यात तिला वाट करून दिली. कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत खांद्याचा संबंध नाही. काडतूस शॉटगनचे आणि नळी १८ इंचांहून आखूड, एवढे पुरते, म्हणून तिथे ती निषिद्ध. बंदूक घेऊन राज्याची हद्द ओलांडणाऱ्याने केंद्राचा आणि त्या राज्याचा, असे दोन्ही कायदे पाहिलेच पाहिजेत.

१ जानेवारी २०२६ पासून आखूड शॉटगनवरचा २०० डॉलर कर शून्य झाला. नोंदणी कायम आहे, राज्यांच्या बंदीलाही धक्का लागलेला नाही. मात्र १९३७ मध्ये हा कायदा टिकला होता तो कर लावण्याच्या अधिकारामुळे. कर उरला नाही तर नोंदणी कोणत्या अधिकारात, या प्रश्नावर दावे दाखल झाले आहेत.