नवजात अतिदक्षता विभागातले सामान आणि स्टोअरपाशी अडकलेली किंमत

१ जून २०११ रोजी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताला ३० दिवसांपर्यंत औषधे व सामान मोफत मिळू लागले. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) गोव्याची आणि सावंतवाडी-दोडामार्गकडचीही बाळे येतात. पालकांवरचा भार हलका झाला, ते योग्यच झाले. पण सरकारी वॉर्डातल्या इंडेंटवर, म्हणजे स्टोअरकडच्या मागणीपत्रावर, सहसा वस्तूचे नाव आणि नग असतात; दर खरेदी विभागाच्या फाइलीत राहतो. पाकीट फाडणाऱ्या सिस्टरपर्यंत तो पोहोचावा कसा?

पूर्वी उपचारच मोजके होते: ऊब, ऑक्सिजन, सलाईन. बाळाच्या श्वासासाठी सीपॅप (नाकावाटे सतत हवेचा दाब देणे) १९७१ मध्ये आले, सर्फॅक्टंटचा (फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या औषधाचा) पहिला यशस्वी वापर १९८० मध्ये जपानात झाला. प्रत्येक टप्प्यासोबत सर्किट (हवेच्या नळ्या), प्रॉन्ग (नाकात बसणाऱ्या छोट्या नळ्या), बारीक कॅथेटर असे एकदाच वापरायचे सामान वाढत गेले.

डॉक्टरांना औषधांचे दर किती कळतात, यावरच्या अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वस्त औषध त्यांना महाग वाटते आणि महागडे स्वस्त, असे त्यात दिसले. नवजात विभागात ही दुसरी चूक जास्त जड जाते. पोरॅक्टंट या सर्फॅक्टंटचा पहिला डोस किलोमागे २.५ मिली, म्हणजे २०० मिग्रॅ. १.२ किलोच्या बाळाला ३ मिलीची एक व्हायल नेमकी पुरते, १.३ किलोला ३.२५ मिली लागते, म्हणजे पाव मिलीसाठी दुसरी व्हायल फुटते. एकाच व्हायलवर भागवले तरी डोस किलोमागे सुमारे १८५ मिग्रॅ पडतो, म्हणजे १०० ते २०० या मान्य मर्यादेतच. निर्णय अर्थातच नवजाततज्ज्ञांचा, आणि तो बाळाचा श्वास पाहूनच व्हावा. पण व्हायल फोडण्याआधी हा हिशेब समोर हवा. गरम केलेली न उघडलेली व्हायल २४ तासांच्या आत, आणि एकदाच, फ्रिजमध्ये परत ठेवता येते. हे माहीत नसले की ती फेकली जाते.

लांब लाइन (शिरेतून आत सरकवायची बारीक लांब नळी) टाकतानाही तसेच. आधी शीर शोधावी, लांबी मोजावी, मगच सेट उघडावा. उलट क्रमाने गेले आणि शीर मिळाली नाही, की अख्खा सेट वाया.

दर कळवायचा तर रॅकच्या लेबलावर रेट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे पुरवठादाराशी ठरलेला खरेदीचा, दर लिहावा. पाकिटावरची एमआरपी उपयोगाची नाही, कारण ती फुगवलेली असू शकते. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे व सामानावरचा नफा १७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांची (कॅथेटरसारखे सामानही त्यात येते) एमआरपी वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, पण मुळात फुगवून छापलेला आकडा त्याने खाली येत नाही.