शाकाहारी थाई कोशिंबिरी

थायलंडमधील सोम तम, यम, लाप यांसारख्या आंबट-तिखट कोशिंबिरींचे मांस-मासळीविना केलेले प्रकार. मेनूकार्डावर या सगळ्यांना सॅलड म्हणतात. पण भाजी किसून किंवा चिरून तिच्यात आंबट, गोड, खारट घालायचे, भाजलेले दाणे पेरायचे आणि पाणी सुटायच्या आत वाढायचे, ही रीत मराठी स्वयंपाकघरात कोशिंबीर या नावाने ओळखीची आहे. फोडणी मात्र नसते. तम म्हणजे कुटणे, यम म्हणजे कालवणे. लाप म्हणजे बारीक खिमा करून कालवलेला पदार्थ, तो ईशान्य थायलंडचा, म्हणजे इसानचा, आणि शेजारच्या लाओसचा.

यांतले मांसाचे तुकडे वगळणे सोपे. अडचण चवीच्या तळाशी असते. खारटपणासाठी मीठ नव्हे तर नाम प्ला, म्हणजे मासळी मिठात मुरवून काढलेले पाणी, घालतात. सोम तममध्ये सुकी कोळंबी (आपल्याकडच्या सोड्यांसारखी), इसानी प्रकारात प्ला रा ही आंबवलेली मासळी, केळफुलाच्या कोशिंबिरीत नाम फ्रिक फाओ हे भाजक्या मिरच्यांचे वाटण. या वाटणात जवळ्यासारखी कोळंबी आंबवून केलेला गोळा असतो आणि बाटलीवर मिरचीचेच चित्र असल्याने तो हमखास नजरेतून सुटतो. ऑयस्टर सॉस आणि मांसाच्या अर्काची मसाला भुकटी या आणखी दोन लपलेल्या जागा.

नाम प्ला काढून नुसते मीठ घातले की कोशिंबीर खारट होते, पण पोकळ लागते. मासळी मुरताना तिच्यातील प्रथिने फुटून ग्लुटामेट तयार होते आणि उमामी ही मांसल, तोंडात रेंगाळणारी चव त्यातून येते. म्हणून मीठ आणि उमामी या दोन्हींची भरपाई वेगवेगळी करावी लागते. पातळ, फिक्या सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असते, पण मीठ सुमारे 15 ते 18 टक्केच. नाम प्लामध्ये ते 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे सोया सॉस मापास माप घातला तर चव अळणी राहते आणि तो वाढवत नेला तर कोशिंबीर काळी पडते. भारतात चायनीज भाज्यांसाठी वापरला जाणारा दाट, गडद सॉस तर इथे अजिबात नको, त्यातल्या कॅरॅमलने सगळा पदार्थ गोडसर-मळकट होतो.

घरी करण्याजोगा चांगला पर्याय असा: 5 सुके शिताके मशरूम एक पेला गार पाण्यात 4 ते 6 तास भिजवावेत. पाणी गाळून मंद आचेवर 60 मिली होईपर्यंत आटवावे, त्यात 120 मिली फिका सोया सॉस आणि एक मोठा चमचा मीठ विरघळवावे. सुक्या मशरूममधील ग्वानिलेट आणि सोयातील ग्लुटामेट एकमेकांची चव वाढवतात, म्हणून दोन्ही एकत्र घेणे महत्त्वाचे. हे पाणी नाम प्लाच्या जागी तेवढ्याच मापाने चालते आणि फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकते. उत्तर थायलंडमध्ये सोयाबीन आंबवून, थापून, वाळवलेल्या चकत्या मिळतात. त्यांना थुआ नाओ म्हणतात. निखाऱ्यावर भाजून कुटलेली अर्धी चकती सुक्या कोळंबीची उणीव बरीचशी भरून काढते.

सोम तम

दोघांसाठी कच्च्या पपईच्या 200 ग्रॅम काड्या घ्याव्यात. फळ बाहेरून गर्द हिरवे, आत पांढरे आणि बोटाने दाबले तर न दबणारे हवे. गर जरा जरी केशरी झाला असेल तर तो कुटताना मऊ पडतो आणि गोडवाही नको तिथे येतो. साल काढल्यावर चीक धुऊन टाकावा. किसणीने काढलेला कीस फार बारीक आणि ओला निघतो. थायलंडमध्ये फळ हातात धरून त्यावर सुरीने लांब उभे वार करतात आणि मग वरचा थर तासतात. त्याने 2 ते 3 मिलिमीटर जाडीच्या, कडा असमान असलेल्या काड्या मिळतात आणि त्या असमान कडांतच रस धरून राहतो. काड्या बर्फाच्या पाण्यात 10 मिनिटे ठेवून फडक्यावर पूर्ण कोरड्या कराव्यात.

खल मातीचा आणि बत्ता लाकडी असतो. दगडी खल वाटणांसाठी असतो, त्यात पपईचा लगदा होतो. आधी 2 लसूण पाकळ्या आणि 2 ते 4 लहान तिखट मिरच्या ठेचाव्यात, मग दीड मोठा चमचा ताडगूळ घालून तो पूर्ण विरघळेपर्यंत घोटावे. थायलंडमध्ये हा गूळ ताडाचा किंवा माडाचा असतो. गोव्यातले माडाचे गोड इथे अगदी चपखल बसते. उसाचा गूळ वापरल्यास थोडा कमी घ्यावा, त्याचा स्वतःचा वास वरचढ होतो. नंतर 2 मोठे चमचे लिंबाचा रस (थाई मनाओ म्हणजे आपले कागदी लिंबूच), दीड मोठा चमचा वर सांगितलेले मशरूम-सोयाचे खारे पाणी, चवळीच्या दोन लांब शेंगांचे बोटभर तुकडे आणि 5-6 छोटे टोमॅटो घालून नुसते चेचावे. पपई सगळ्यात शेवटी. एका हाताने बत्ता हलका मारत दुसऱ्या हातातल्या चमच्याने तळचे वर आणायचे. 15-20 ठोके पुरे. बत्त्याचा पॉक-पॉक आवाज ‘पच-पच’ होऊ लागला तर थांबायला उशीर झाला. 2 मोठे चमचे भाजलेले दाणे अर्धवट ठेचून वर पेरावेत. पाच मिनिटांत तळाला पाणी साचते, म्हणून माणसे पानावर बसल्यावरच कुटायला घ्यावे.

मशरूमचा लाप

लापचा प्राण खाओ खुआ, म्हणजे भाजलेल्या चिकट तांदळाचे भरड पीठ. 3 मोठे चमचे कोरडा तांदूळ मंद आचेवर 10 ते 12 मिनिटे गव्हाच्या रंगापलीकडे, तपकिरी होईस्तोवर भाजून, गार करून रव्याइतका भरड कुटतात. कमी भाजला तर कचकच लागतो, मिक्सरमध्ये फार बारीक केला तर लापची खीर होते. 250 ग्रॅम धिंगरी अळंबी हाताने फाडून कोरड्या तव्यावर चिमूटभर मीठ घालून सुटलेले पाणी आटेपर्यंत परतावी. ही पायरी टाळली की खालची मापे व्यर्थ जातात. आच बंद करून अळंबी कोमट झाली की 2 मोठे चमचे लिंबाचा रस, दीड चमचा खारे पाणी, अर्धा लहान चमचा भाजक्या मिरच्यांचा चुरा, बारीक चिरलेले छोटे कांदे आणि मूठभर पुदिना घालावा. दोन मोठे चमचे पीठ अगदी शेवटी, कारण ते रस शोषून फुगते. लिंबू गरम कढईत पिळू नये, त्याचा ताजा वास उडून जातो.

इतर कोशिंबिरींत पपनसाची सर्वांत सोपी: सोललेल्या फोडी, भाजलेले खोबरे, दाणे. चौधारी शेंगा एक मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फात टाकून आडव्या पातळ चिरतात, वर दाट नारळाचे दूध. केळफुलाच्या बाबतीत मराठी सवय आड येते. आपण भाजीला आतली फुले निवडून काडी काढतो. यममध्ये मात्र आतला फिका गाभाच चिरतात आणि काळा पडू नये म्हणून चिरताक्षणी लिंबाच्या पाण्यात सोडतात.

‘चे’ आणि मांगसविरत

थायलंडमध्ये शाकाहाराचे दोन शब्द आहेत आणि ते अदलाबदलीचे नाहीत. मांगसविरत हा शब्द मांस आणि विरती या जोडीतून आलेला. त्यात अंडी-दूध चालते. ‘चे’ हा चिनी परंपरेतला कडक आहार. त्यात मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य, शिवाय लसूण, कांदा, छोटे कांदे आणि चिनी लसूणपातही. वरील दोन्ही कृती ‘चे’ करायच्या तर लसूण-कांदा गाळून कोष्टकुलिंजन (आल्यासारखे मूळ, गलांगल), गवती चहा आणि मकरूट लिंबाची पाने यांची भर घालतात. जैनांसाठी मात्र ‘चे’ आपोआप चालत नाही, कारण मुळा, गाजर, बटाटा त्यात सर्रास असतो.

चिनी नवव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत ‘चे’ पाळतात. थायलंडच्या फुकेत बेटावरचा उत्सव सर्वांत मोठा. हे दिवस बहुतेक वर्षी शारदीय नवरात्राशी जुळतात. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला सुरू झाले. अधिक महिना वेगळ्या जागी पडला की मात्र ते महिनाभर दूर जातात. या काळात दुकानांवर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल थाई अक्षरे दिसतात. ती अक्षरे परक्याला 17 या आकड्यासारखी वाटतात. एरवी रस्त्यावरच्या गाडीवर ‘माय साय नाम प्ला, माय साय कुंग हॅंग’ (नाम प्ला नको, सुकी कोळंबी नको) एवढे सांगून भागते असे नाही. तोच खल आधीच्या गिऱ्हाइकाच्या प्ला राचा असतो, म्हणून तो धुऊन घ्यायला सांगावे लागते.