राक्षसाची मांडी

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फोटो परवा पुन्हा आला. खणलेला खड्डा, त्यात अवाढव्य मानवी सांगाडा, शेजारी मुंगीएवढी माणसं आणि खाली मजकूर: घटोत्कचाचा सांगाडा सापडला, सगळ्यांना पाठवा. माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला त्यात अशक्य असं काही वाटलं नाही. मोबाइलवरच्या खेळात तो रोज दहा मजली दैत्यांशी लढतो. "मावशी, डायनोसॉर एवढे मोठे होते, मग माणूस का नसेल?" त्यानं विचारलं. प्रश्न इतका रास्त होता की रविवारी त्याला घेऊन मी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र गाठलं.

डायनोसॉरच्या प्रतिकृतीसमोर पोरांची नजर आधी जबड्याकडे जाते. मी त्याला पाय बघायला लावले. गुडघा कुठे, खुबा कुठे, आपलं डोकं त्या पायाला कुठवर पोहोचतं. मोबाइलमधला राक्षस कितीही मोठा असला तरी तळहातात मावतो. प्रतिकृतीच्या पायाशी मात्र मान वर करावी लागते, आणि मोठेपणा कळतो तो त्या मानेला. एकदा ही सवय लागली की परदेशी संग्रहालयांतले आकडेही मुंबईत आणून उभे करता येतात. शिकागोतला ‘सू’ नावाचा टी. रेक्स, म्हणजे दोन पायांवर चालणारा मांसाहारी डायनोसॉर, 12.3 मीटर लांब आहे. त्याचा खुबा जमिनीपासून जवळपास 4 मीटरवर, म्हणजे बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर बसलं तर साधारण डोळ्यांसमोर येईल. बर्लिनमधला लांब मानेचा डायनोसॉर जिराफाटायटन 13.27 मीटर उंच, गिरगावातल्या चार मजली चाळीच्या गच्चीवरून डोकावेल एवढा. न्यूयॉर्कमधला तसाच लांब मानेचा पॅटागोटायटन 37 मीटर लांब, लोकलचे जवळजवळ पावणेदोन डबे.

एवढे प्राणी जर खरोखर चालले, तर दहापट मोठा माणूस का चालणार नाही? सगळी मेख मांडीच्या हाडात आहे.

1.7 मीटर उंचीचा, 70 किलोचा माणूस घ्या आणि त्याला दहापट करा. उंची झाली 17 मीटर. पण रुंदी आणि जाडीही दहापट झाली, म्हणून वजन 10 × 10 × 10, म्हणजे हजारपट वाढलं: 70 टन. हे ओझं पेलायचं हाडांनी. हाड किती ओझं सोसतं ते त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि ते वाढलं फक्त 10 × 10, शंभरपट. हजारपट ओझं, शंभरपट आधार. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट ताण आला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: माणसाच्या मांडीचं हाड त्याच्या वजनाच्या साधारण दहापट ओझ्याखाली मोडतं, म्हणजे असा राक्षस पहिलं पाऊल टाकतानाच मांडी मोडून घेईल.

मग हाड जाड करू. छेद हजारपट हवा, तर जाडी हजारच्या वर्गमुळाइतकी, साधारण 32 पट वाढवावी लागेल. आपल्या मांडीचं हाड सुमारे 45 सेंटिमीटर लांब आणि मध्यभागी पावणेतीन सेंटिमीटर जाड असतं. राक्षसाचं हाड साडेचार मीटर लांब आणि पाऊण मीटरहून बरंच जाड होईल. आपल्या हाडाची लांबी जाडीच्या सोळा-सतरापट, त्याच्या हाडाची जेमतेम पाचपट. शिवाय या जाड हाडांचं वाढीव वजनही हाडांनीच उचलायचं, म्हणून ती आणखी जाड करायची, की पुन्हा वजन वाढलं! गॅलिलिओनं 1638 च्या आपल्या ग्रंथात एक साधं हाड आणि शेजारी तिप्पट लांबीचं, भोपळ्यासारखं फुगलेलं हाड असं चित्रच काढून ठेवलंय. माझ्या मते विज्ञानातल्या सर्वांत सुंदर चित्रांपैकी ते एक आहे.

डायनोसॉरांनी हे गणित कसं सोडवलं? पॅटागोटायटनच्या मांडीचं हाड सुमारे 2.4 मीटर लांब होतं, पण ओझं दोनाऐवजी चार पायांवर वाटलेलं, आणि पाय हत्तीसारखे सरळ खांब. दुसरी युक्ती स्वयंपाकघरात बघता येते. मटणाची नळी फोडली तर आत मगज असतो. कोंबडीच्या पंखाचं खांद्याजवळचं हाड मोडून बघा, आत पोकळी दिसेल. जिवंतपणी तिथे फुप्फुसांशी जोडलेली हवेची पिशवी असते. लांब मानेच्या डायनोसॉरांच्या मणक्यांतही अशाच हवेच्या पोकळ्या होत्या, म्हणून एवढी मान पेलली. आपल्याकडे गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या बारापासॉरसचं तर नावच पायावरून पडलं, बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचं हाड सुमारे 1.7 मीटरचं, अख्ख्या माणसाएवढं. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, आणि हाल्डेनही 1957 मध्ये भारतात येऊन त्याच संस्थेत काम करू लागले.

आता तो फोटो. त्यातल्या हाडांची प्रमाणं हुबेहूब तुमच्या-माझ्यासारखी सडपातळ आहेत, आणि तेवढ्यावरूनच तो खोटा ठरतो. मूळ फोटो 2000 साली न्यूयॉर्क राज्यात मॅस्टोडॉन या हत्तीच्या नातलगाचे अवशेष खणताना काढलेला होता. 2002 मध्ये संगणकावरच्या चित्रस्पर्धेसाठी कुणीतरी त्यात माणसाचा सांगाडा बसवला. महाभारतात घटोत्कच मरताना देह वाढवतो आणि कौरवांचं एक अक्षौहिणी सैन्य त्याखाली चिरडतं. त्या प्रसंगाची ताकद व्यासांच्या शब्दांत आहे. असल्या बनावट फोटोचा पुरावा त्याला जोडणं मला व्यासांचाच अपमान वाटतो.

परतताना आम्ही वरळी सीफेसच्या कठड्यावर बसलो. भरती होती. "आणि राक्षस पाण्यात राहत असेल तर?" भाच्यानं विचारलं. तर गोष्टच बदलते. निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो, दीडशे टनांच्या आसपास भरतो, कारण त्याचं ओझं हाडांना नाही, पाण्याला उचलावं लागतं. तोच किनाऱ्यावर येऊन अडकला की स्वतःच्या वजनाखाली त्याला श्वास घेणंही कठीण होतं.